पाखराचं घर पाहणारे सत्तारभाऊ

सत्तारभाऊ कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. खुर्ची असो, दिवाण असो की बाज, आधी तिच्यावर हाताचा पंजा दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. मग घरच्या माणसाला तोंडावर सांगायचे की या गादीत रुई कमी आणि चिंध्या जास्त आहेत. ते पिढीजात पिंजारी. बल्लारपुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. पुढच्या खोलीत रुई पिंजायचं यंत्र, मागे घर आणि वर गच्चीवर एक खोली. लग्नसराईत निम्म्या गावाच्या गाद्या तिथे भरल्या जात. पण गावात त्यांचं नाव निघायचं ते गाद्यांसाठी नव्हे. गच्चीवरच्या त्या खोलीत ते पांढरे कॉकाटील पाळत, आणि ज्याला त्यांचं पाखरू हवं असेल त्याचं घर आधी पाहून येत. मुलीचा बाप स्थळ पाहायला जातो, तसेच निघायचे. धुतलेला कुर्ता, डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा.

कॉकाटील म्हणजे मैनेएवढा, डोक्यावर तुरा असलेला परदेशी पोपट. एरवी तो राखाडी असतो, तोंड पिवळं आणि गालावर शेंदरी टिकला. सत्तारभाऊंच्या पाखरांना पिवळंही नव्हतं आणि टिकलाही नव्हता. चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं पांढरं, फक्त डोळे लाल. बाजारात याला अल्बिनो म्हणतात. पांढऱ्या तोंडाचा एक आणि लाल डोळ्यांचा एक अशी जोडी जमवून, त्यांच्या पोरांना पोरं होईपर्यंत वाट पाहून त्यांनी हा रंग घरीच काढला होता, आणि ते सांगताना त्यांची छाती जरा पुढे यायची. आमच्या गावात कोळशाची पूड हवेतच असते. दोरीवरचा बनियन संध्याकाळपर्यंत राखाडी होतो. अशा गावात हा माणूस पांढरं पाखरू पांढरंच ठेवून दाखवायचा. पाखरू विकलं असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘भद्रावतीले एक उजवलं, वडशाले एक उजवलं’, अशी पोरीचं लग्न लावून दिल्याची त्यांची भाषा.

माझी खानावळ कागद कारखान्याच्या वाटेवर आहे. पुढे चूल आणि टेबलं, मागे माझं राहणं. नवरा लवकर गेला, मुलगी अमरावतीला दिली आणि घर एकदम गप्प झालं. दिवसभर पुढे गिऱ्हाइकांची कलकल, पण मागच्या खोलीत पाऊल टाकलं की घर खायला उठायचं. कुणीतरी म्हणालं, ताराबाई, एखादं पाखरू पाळा. मी सत्तारभाऊंना निरोप धाडला. मला वाटलं होतं, पिंजरा घेऊन येतील. आले ते रिकाम्या हातानं, उंबऱ्यावर उभे राहिले आणि वर पाहू लागले.

आधी त्यांना छताचा पंखा आवडला नाही. सुटं पाखरू आणि फिरता पंखा यांचं जमत नाही, असं ते म्हणाले. मग मांजर येतं का, भिंतीवर आरसा आहे का, उदबत्ती लावता का, डासांसाठी काय जाळता, हे सगळं विचारून झालं. आरशाचं मला कळेना. पाखरू आरशातल्या पाखराच्या प्रेमात पडतं आणि माणसाला विचारत नाही, असं त्यांनी सांगितलं. रात्री लाइट गेली तर काय कराल, असंही विचारलं. या पाखरांना काळोखात एकदम भीती भरते, मग ती पिंजऱ्याच्या सळ्यांवर आपटून पंख रक्ताळून घेतात, म्हणून जवळ मिणमिणता का होईना दिवा लागतो. मी सांगितलं, दिवा ठेवीन. मग त्यांनी माझ्या चुलीच्या दिशेनं नाक वर केलं. मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट मागच्या खोलीत येत होता. वर भिंतीला काळ्या मुलाम्याचा, न चिकटणारा तवा टांगलेला. तो जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू बसल्या जागी मरतं, हे मला तेव्हा कळलं.

“दिवसभर घरी कोण राह्यते?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी पुढे असते, हाकेच्या अंतरावर. त्यांनी चहाचा कप उचलला. चहा अर्धा पिऊन शेवटचा प्रश्न विचारला. तो ते सगळ्यांना शेवटीच विचारत, हे मला मागाहून समजलं.

“हे पाखरू तुमाले काऊन पायजे?”

मी खरं ते सांगितलं. घरात करमत नाही म्हणून.

“हे झालं तुमचं. आता पाखराचं सांगा.”

पाखराचं मी काय सांगणार होते? सत्तारभाऊंनी उरलेला चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि माझं घर नापास केलं.

माझा स्वभाव गावाला माहीत आहे. मी त्यांना टेबलांमधून जाता जाता सगळ्यांसमोर ऐकवलं की ज्या घरात मुलगी लहानाची मोठी झाली त्या घरात एक चिमणीएवढा पोपट राहू शकत नाही, हे सांगणारा तू मोठा शहाणा. ते हसले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला हजर, जसं काही घडलंच नाही. लाखोळीची डाळ दोनदा मागून घेतली. माणसानं चिडायचं तरी कुणावर? पुढे त्यांचा डबा माझ्याकडूनच जाऊ लागला, कारण शमीमभाभी, म्हणजे त्यांच्या घरच्या, आठवड्यातून एखादा दिवस तरी माझ्या हातचं हवं म्हणायच्या. तो एखादा दिवस हळूहळू रोज झाला.

डबा द्यायला गेले की मी गच्चीवर चढायची. उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य डोक्यावर नाही, खांद्यावर बसलेला असतो. त्या खोलीच्या खिडक्यांना सत्तारभाऊंनी ओली गोणपाटं लावलेली असत. कूलर होता, पण त्याचा झोत पिंजऱ्यांवर नसे, भिंतीवर असे. लाल डोळ्यांच्या या पाखरांना उजेड सोसत नाही, म्हणून पिंजरे सावलीकडे. पिंजरे गोल नाहीत, लांबट, पंख पसरता येतील असे. आत बसायला गुळगुळीत दांडी न ठेवता कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या. खायला राळा, बाजरी, थोडी करडी, आणि सकाळी शेवग्याचा पाला. चोच घासायला समुद्रफेस. दुपारी ते पाण्याची बारीक फवारणी करायचे, तेव्हा पाखरं पंख उघडून उलटी लटकायची आणि सत्तारभाऊ आंघोळ घालणाऱ्या आईसारखे बडबडत राहायचे. तुरा ताठ उभा असेल तर भ्यालं आहे, डोक्याला चिकटून बसला असेल तर रागावलं आहे, सैल मागे असेल तर मजेत आहे. हे त्यांनी मला शिकवलं आणि मग माझा पदर पाहूनही ते तसंच ओळखू लागले. पदर खोचलेला असला तर खानावळीत पाऊल टाकत नसत.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. फुशारकी मात्र सगळ्याची मारायचे. पांढऱ्या कॉकाटीलमध्ये नर कोण आणि मादी कोण, हे अंगावर खूण नसल्यानं लहानपणी कळत नाही. सत्तारभाऊ म्हणायचे, दुनियेले कळत नाई, मले कळते. एक पिल्लू त्यांचं फार लाडकं. अंडं फुटल्यापासून त्यांच्या खांद्यावर वाढलेलं. ही मादीच, असं छातीठोक सांगून त्यांनी तिचं नाव सरकी ठेवलं. पिंजाऱ्याच्या घरात पांढऱ्या पाखराला दुसरं नाव सुचणार तरी कुठून? थोड्या महिन्यांनी सरकी चोचीनं पिंजरा ठोकून, पंख खांद्यापासून वेगळे धरून, मान वर करून शिट्ट्या मारू लागली. हे सगळं नरच करतो. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. सत्तारभाऊ बराच वेळ खाली वाकून दाणे वेचत होते, मग म्हणाले की आवाज थोडा मर्दानी असला म्हणून काय झालं. सरकीचं नाव सरकीच राहिलं, आणि आम्ही सगळे तिला ‘ती’च म्हणत आलो.

एवढ्या कडकपणामागे एक जुनं दुखणं होतं. ते त्यांनी मला गच्चीवरच सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, पिंजऱ्याची तळपाटी पुसता पुसता. पहिल्यांदा पाखरांनी अंडी घातली तेव्हा त्यांनी घरट्याच्या पेटीत आपल्या दुकानातली सगळ्यात उंची रुई घातली होती. दोनदा पिंजलेली, हातात घेतली तर वजन कळू नये अशी. गावात नव्या नवरीला मिळत नाही अशी गादी त्यांनी त्या पिल्लांना दिली. रुईचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळले गेले आणि करकचले, काही त्यांच्या चोचीतून पोटात गेले. त्यातलं एकही पिल्लू वाचलं नाही. लाकडाचा जाडसर भुसा पसरला असता तर सगळी वाचली असती.

“दुसऱ्या कोन्या माणसानं हे केलं नसतं, बाई. पिंजाऱ्यानंच केलं,” ते म्हणाले. “आपल्याले जे मऊ लागते ते पाखराले मऊ नसते. एवढी एक गोष्ट शिकाले मले ती पिल्लं लागली.”

तेव्हापासून गच्चीच्या खोलीत जाताना ते कुर्ता बदलत, हात-पाय धूत. रुईचा एक तंतूही वर जाऊ देत नसत. मी इकडे हट्टानं खानावळ आणि मागची खोली यांच्यामध्ये भिंत घातली, चुलीवर धूर बाहेर टाकणारा पंखा बसवला, तो काळा तवा भंगारात दिला. हे मी पाखरासाठी केलं असं कुणाला सांगितलं नाही. सत्तारभाऊंनी भिंत पाहिली, बोटानं टकटक केलं आणि जेवायला बसले.

त्यांचा खोकला आधीपासून होताच. पिंजाऱ्याचा खोकला म्हणून कुणी त्याकडे लक्ष देत नव्हतं. मग त्या खोकल्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी येऊ लागली. आधी ठसका, मग दम, मग ती लांबत जाणारी शिट्टी. ते खोकू लागले की शमीमभाभी हातातलं काम टाकून माठाकडे जायच्या आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात द्यायच्या. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की फुफ्फुसात रुईची धूळ बसली आहे, आणि पाखरांच्या अंगची पावडर तिला खतपाणी घालते आहे. कॉकाटीलच्या पिसांतून पिठासारखी पूड सतत झडते, हे खरंच. डॉक्टर म्हणाले, दोन्ही सोडा. रुई सोडली तर खाणार काय, म्हणून सत्तारभाऊंनी पाखरं सोडली. एकेक करून पास झालेल्या घरी उजवली. सगळी गेली, सरकी राहिली. जिने चढणं बंद झालं होतं, म्हणून तिचा पिंजरा त्यांनी खाली, दुकानामागच्या खोलीत आणून ठेवला.

एका दुपारी जेवणं आटोपल्यावर ते माझ्याकडे आले. धुतलेला कुर्ता, टोपी, सुरमा. मला वाटलं, कुठेतरी घर पाहायला निघालेत.

“चला बाई,” ते म्हणाले. “आज तुमी माह्यं घर पाहा.”

मला आधी थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. पोरीच्या बापानं आपणच आपल्या घराला पास म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकीला दुसऱ्या घरी द्या म्हणून भाभी रोज रडून सांगतात, ते ऐकवत नाही. डॉक्टरला पाखरातलं कळत नाही. मग पारख करणारं बाहेरचं एकच माणूस उरतं ते मी, आणि मला एकदा नापास केलेलं आहे, म्हणजे मी भीड ठेवणार नाही. असा त्यांचा हिशेब.

घर त्यांनी झाडून पुसून लख्ख केलं होतं. यंत्रावर ओली चादर टाकलेली. मधल्या दाराला जाड पडदा. भाभींनी मला खुर्ची दिली. मी तिच्यावर हात दाबून पाहिला, तेव्हा ते हसले. मी पंखा विचारला, मांजर विचारलं, दिवा विचारला. सगळ्याला चोख उत्तरं. दिवसभर घरी कोण असतं? आम्ही दोघं, ते म्हणाले, आणि त्या उत्तरात एवढी आशा होती की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. मग मी पिंजऱ्यामागच्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. सकाळीच पुसलेली चौकट होती. त्यात सरकीच्या पिसांची पूड होती आणि रुईचे तंतूही होते. एक तंतू पिंजऱ्याच्या सळीला लागून हलत होता. मी ते बोट त्यांच्यासमोर धरलं.

शेवटचा प्रश्न उरला होता. मी तो विचारायला नको होता असं मला कधी वाटलं नाही. न विचारता उठले असते तर त्यांनी मला माफ केलं नसतं.

“सत्तारभाऊ, हे पाखरू तुम्हाला कशाला हवं?”

“तिच्याबिना मले करमत नाई,” ते म्हणाले. आणि वाक्य तोंडातून निघाल्या निघाल्या त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पुढचं त्यांना पाठ होतं.

मी ते म्हटलं. हे झालं तुमचं, आता पाखराचं सांगा. सरकी तुरा ताठ करून आमच्या दोघांकडे पाहत होती. मग त्यांनी स्वतःच मान हलवली, उठून पिंजऱ्यावर कापड घातलं आणि पिंजरा माझ्या हातात दिला. धूर गेला, पण दिवसभर घरी कोणी नसतं, म्हणून माझं घर अर्धंच पास आहे, हे त्या घटकेलाही सांगायला ते विसरले नाहीत.

पुढे ते रोज संध्याकाळी येत आणि माझ्या खिडकीबाहेर ओट्यावर बसत. आत पाऊल टाकत नसत. सरकी खिडकीच्या आतून आणि ते बाहेरून, शिट्ट्यांची देवाणघेवाण चाले. मधेच त्यांना खोकला येई. एके दिवशी ते यायच्या आधीच मागच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकू आला. तसाच ठसका, तसाच दम, शेवटी तीच लांबलचक शिट्टी. टेबलावरची माणसं वळून पाहू लागली की सत्तारभाऊ आत कधी आले. सरकीनं उचललं होतं. मी त्यांना ते सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते हसता हसता खरंच खोकले, आणि आतून सरकीनं त्यांना जवाब दिला. चांगल्या गोष्टी शिकवून थकलो, पोरीनं शेवटी बापाचा रोग उचलला, म्हणाले.

सत्तारभाऊ गेले ते थंडीत. मातीला सगळं गाव होतं. रुईचं दुकान बंद झालं, यंत्र भाच्यानं नेलं. भाभींना मूलबाळ नव्हतं. मी डबा पाठवत राहिले, आणि थोड्या दिवसांनी स्वतः घेऊन जाऊ लागले. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एकदा भाभींनी डबा हातात घेतला आणि उघडलाच नाही.

“सरकीले माह्याकडे द्याल काय, बाई?” त्या म्हणाल्या. “पर पयले घर पाहून घ्या.”

मी घरी आले ती रागातच. मला खरं सांगायला काय हरकत आहे? सरकी आता माझी होती. सकाळी पोळ्या लाटताना ती माझ्या शिट्टीला ओ द्यायची, दुपारी खोलीत गेले की खांद्यावर बसून चोच घासायची, झोप आली की ही पाखरं अशी चोच घासतात. मी भाभींच्या घरात काय काय खोट निघेल ते आठवत राहिले. पंखा, उजेड, त्यांचे दुखरे गुडघे. आणि आठवता आठवता मला कळत होतं की मी जे जे जमवते आहे ते सगळं माझं आहे, त्यात पाखराचं काहीच नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारची चूल कामाच्या बाईवर सोपवली, धुतलेलं लुगडं नेसले आणि सरकीचा पिंजरा घेऊनच निघाले. नापास झालं तर परत आणता येईल, असं मनाला सांगितलं.

मी खुर्चीवर हात दाबला. भाभी समोर उभ्या राहिल्या. पुढच्या खोलीत यंत्राच्या जागी नुसती फरशी, भिंती चुन्यानं नव्या केलेल्या. पंख्याची पाती काढून ठेवलेली. खिडकीला ओलं गोणपाट. मी चौकटीवरून बोट फिरवलं, बोट कोरडं आणि स्वच्छ राहिलं. दिवसभर घरी कोण असतं, हे मी विचारलं नाही. शेवटचा प्रश्न तेवढा उरला होता. मी तो विचारायला तोंड उघडलं, आणि पिंजऱ्यातून सरकी खोकली.

आधी ठसका, मग दम, मग लांबत गेलेली ती बारीक शिट्टी. भाभींनी मागे वळून पाहिलं नाही. त्या चालत माठाकडे गेल्या, झाकण बाजूला केलं, ग्लास बुडवून भरला, पदराच्या टोकानं पुसला आणि घेऊन वळल्या. मग त्या तिथेच थांबल्या, भरलेला ग्लास हातात धरून.

मी उठले आणि तो ग्लास त्यांच्या हातातून घेतला. पिंजऱ्याचं दार उघडून सरकीच्या वाटीत पाणी ओतलं.

“घर पास आहे, भाभी,” मी म्हटलं. “पूर्ण.”